ओढ्याच्या वाटेची नोंद

पिंपळघोळात जाहिराती गेल्या चैत्रापासून स्वतःच्या पायांनी येऊ लागल्या. सकाळी नऊच्या एसटीतून उतरायच्या, चावडीजवळच्या नळावर हातपाय धुवायच्या आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन गावकोशात स्वतःला लिहून यायच्या.

दिसायला त्या तुमच्याआमच्यासारख्याच होत्या. कपडे जरा जास्त कडक इस्त्रीचे, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायची खोड, एवढाच काय तो फरक. ग्रंथपाल लीलाताई टिपुगड्यांना पहिले पंधरा दिवस वाटलं, तालुक्याहून कसलं तरी शिबिर आलं असावं.

गावकोश ही लीलाताईंचीच कल्पना. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी वाचनालयाच्या संगणकावर गावाची माहिती लिहायला सुरुवात केली: कोणत्या विहिरीचं पाणी गोडं, साप चावला तर कोणता दवाखाना उघडा असतो, ओढा कुठून ओलांडावा. वाचायला कुणीही, कुठूनही, मोबाईलवर. लिहायला मात्र वाचनालयात येऊन खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसायचं. नियम एकच होता. ज्याला माहीत आहे त्यानं लिहावं, चुकलं तर पुढच्यानं दुरुस्त करावं. महिन्याला शंभर-सव्वाशे माणसं त्या खुर्चीवर बसून जायची. कुणी शेणाच्या हातानं यायचं, कुणी चष्मा विसरून. लीलाताई ओल्या फडक्यानं कळफलक पुसायच्या आणि म्हणायच्या, “बसा.”

जाहिराती आल्या आणि मारुतीच्या देवळाच्या नोंदीत, जीर्णोद्धाराच्या सालानंतर, एक ओळ दिसू लागली: ‘पायऱ्या चढताना गुडघे बोलतात? सांधेसुख तेल.’ विहिरींच्या नोंदीत पाणी गाळायचं यंत्र शिरलं. महादू पाटलांच्या निधनाची नोंद होती, तिच्यात पंधरा दिवसांत केस उगवणारं मलम. लीलाताई रोज पुसत होत्या आणि रोज नव्यानं येत होतं. महादू पाटलांच्या सूनबाई रडत वाचनालयात आल्या, तेव्हा मात्र कार्यकारिणीची बैठक बोलवावीच लागली.

अध्यक्ष होते नलवडे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी जिल्ह्याच्या गावाहून एक राखणदार बसवून आणला. राखणदार म्हणजे संगणकातच बसलेला एक प्रोग्राम. खुर्चीवर बसणाऱ्याला तो पडद्यावर प्रश्न विचारायचा आणि उत्तर पटलं तरच लिहू द्यायचा. नियम गुरुजींनी सांगितले आणि अक्षर चांगलं म्हणून लीलाताईंनी लिहून काढले.

पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही जाहिरात आहात काय?’ आठवडाभर हा प्रश्न उत्तम चालला. जाहिराती खरं बोलणाऱ्या होत्या. त्या ‘होय’ लिहायच्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ‘नाही’ लिहायला सुरुवात केली.

मग गुरुजींनी गावच्याच माणसाला येईल असा प्रश्न घातला. ‘मारुतीच्या देवळाला पायऱ्या किती?’

जाहिराती देवळात गेल्या, पायऱ्या मोजल्या आणि परत येऊन ‘सतरा’ लिहिलं. गावातल्या माणसांनी मात्र त्या पायऱ्या जन्मात कधी मोजल्या नव्हत्या. कुणी बारा लिहिलं, कुणी वीस. देवळाच्या पुजाऱ्यानं ‘असतील पंधरा एक’ असं लिहिलं. राखणदारानं त्यालाही जाहिरात ठरवून बाहेर काढलं.

“नियम आणखी कडक करायला हवा,” गुरुजी म्हणाले.

मग दोन सभासदांची शिफारस आणि सात दिवसांची प्रतीक्षा आली. गावातल्या माणसांना सात दिवस कुठले? कुणाच्या शेतात भांगलण, कुणाची म्हैस व्यायलेली. जाहिरातींना मात्र दुसरं काम नव्हतं. त्या बाकावर शांत बसून राहायच्या, वर्तमानपत्रं वाचून झाली की घड्या नीट घालून ठेवायच्या, आणि वाचनालयाचे सभासद त्यांच्या वागण्यावर खूश होऊन शिफारशी द्यायचे. भाद्रपदात लीलाताईंनी हिशेब काढला. महिन्यात तीन माणसं खुर्चीवर बसली होती. त्यातल्या दोन जाहिराती होत्या. तिसरा कोण, ते त्यांना नक्की सांगता येईना.

अशात एका गुरुवारी बिरूआण्णा हजारे आले.

बिरूआण्णा धनगर. सत्तरी उलटलेली, खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी. वाचनालयात ते पहिल्यांदाच येत होते. वहाणा बाहेर काढून ते दारात उभे राहिले.

“बाई, त्या गावकोशात वड्याची वाट लिवलीया न्हवं? चिंचंच्या वरच्या अंगानं जावा म्हनून?”

“हो. सहा वर्षांपूर्वीची नोंद आहे ती.”

“ती खोडा. परवाच्या पुरात तिथली दगडं गेली. आता तितं गळ्याइतका डोह हाय, वरनं दिसत न्हाई. चिंचंच्या खालच्या अंगानं जायचं. वड्यापल्याडच्या वाडीची पोरं शनवारी सकाळच्या शाळंला येनार. त्यांच्या बाई त्या मोबाईलात बघून वाट सांगत्यात. तवा लिवा आजच.”

लीलाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. आण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्या प्रश्न वाचून दाखवणार आणि उत्तर आण्णांच्याच शब्दांत लिहिणार होत्या. शब्द लिहिणाऱ्याचेच हवेत, असा सहावा नियम होता.

“मारुतीच्या देवळाला पायऱ्या किती, आण्णा?”

“आता देवाला जाताना पायऱ्या मोजत्यात व्हय?” आण्णा म्हणाले. “पाय उचलायचा, देव येईस्तवर.”

लीलाताईंनी ते लिहिलं. राखणदारानं नापास केलं. पण एक विशेष सवलत होती: मजकूर तातडीचा असेल तर तो दाखवावा, भाषा तपासून निर्णय होईल. लीलाताई म्हणाल्या, “आण्णा, काय सांगायचं ते नीट सांगा.”

आण्णा सावरून बसले. “खात्रीनं सांगतो. तीन पिढ्यांचा अनुभव हाय. एकदा खालच्या वाटंनं जाऊन बघा, परत वरच्या वाटंचं नाव घेनार न्हाई. आजच लिवा.”

पडदा तांबडा झाला. ‘सदर मजकुराची भाषा जाहिरातीची आहे. सदर व्यक्तीने बाहेरील बाकावर प्रतीक्षा करावी. मुदत सात दिवस.’

“काय म्हनतंय?” आण्णांनी विचारलं.

“पुढच्या गुरुवारी या म्हणतंय.”

आण्णांनी पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे. “शनवार त्याच्या आदी येतोय,” ते म्हणाले, आणि वहाणा घालून निघून गेले.

आता कुणी म्हणेल, लिहायचं कशाला, तोंडी सांगायचं. पण जाहिराती गावात फिरायला लागल्यापासून पिंपळघोळचा तोंडी गोष्टीवर विश्वास उरला नव्हता. रस्त्यात कुणी आपणहून बोलायला आलं, की लोक ‘नको, नको’ म्हणत पुढं जायचे. शुक्रवारी सकाळपासून बिरूआण्णा ओढ्याकाठी उभे राहून ओरडत होते, “वरनं जाऊ नका, खालनं जावा!” त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं बघून लोकांना वाटलं, ही घोंगड्यांची जाहिरात आहे. रखमा चौगुले दुधाची किटली डोक्यावर घेऊन आली. तिनं आण्णांना हातानंच नको म्हटलं, चिंचेच्या वरच्या अंगानं पाण्यात उतरली आणि चौथ्या पावलाला दिसेनाशी झाली.

आण्णांनी काठी पुढं केली. रखमाच्या हाताला ती लागली म्हणून बरं. किटली वाहून गेली, ती पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत. काठावर बसून रखमा बराच वेळ खोकत होती. श्वास बसल्यावर तिनं आण्णांचे पाय धरले आणि म्हणाली, “लई उपकार झालं. घोंगडं कितीला म्हनायचं?”

ही हकिगत दुपारी तीनला वाचनालयात पोचली. वाडीहून येणारी सदतीस मुलं होती. त्यातली निम्मी पहिली-दुसरीतली. लीलाताई उठल्या, दोन पावलं चालल्या आणि स्वतःच त्या लाकडी खुर्चीवर बसल्या. बसवून आणल्यापासून राखणदारानं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं. पायऱ्यांचं उत्तर तर त्यांना पाठ होतं. त्यांनी ‘सतरा’ लिहिलं.

पडदा विचार करत राहिला. मग अक्षरं उमटली.

‘सदर व्यक्तीने गेल्या अकरा वर्षांत एकशे चौदा नोंदींच्या शेवटी “अधिक माहितीसाठी वाचनालयात या” असे लिहिले आहे. सदर व्यक्ती वाचनालयाची जाहिरात आहे. बाहेरील बाकावर प्रतीक्षा करावी.’

लीलाताईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

“कुसुम, मी काही विकते का गं?”

“विकत नाहीस,” पलीकडून कुसुम म्हणाली, “पण वीस वर्षं झाली, घरी आलीस की पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात देतेस. मी मागितलेलं नसतं. का गं, काय झालं?”

“काही नाही,” लीलाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुजी कपाटाजवळ उभे होते. लीलाताईंनी त्यांना विनवलं, “तुम्ही लिहा. तुम्ही अध्यक्ष आहात.”

“मी डोह डोळ्यांनी पाहिलेला नाही,” गुरुजी म्हणाले. “न पाहिलेलं लिहू नये, हा चौथा नियम. तुमच्याच अक्षरात आहे.”

“मग जाऊन पाहून या. दीड मैल तर आहे.”

“दीड मैल?” गुरुजींनी गुडघ्यावर हात ठेवला. “माझे गुडघे आता—”

बाहेरच्या बाकावरून सांधेसुख तेलाच्या जाहिरातीनं मान वर केली आणि सभ्यपणे पुन्हा खाली घातली.

हा सांधेसुख चाळिशीचा वाटायचा. अंगाला कापराचा वास, शर्टाची वरची गुंडी लावलेली. सात दिवसांची प्रतीक्षा त्यानं दोनदा पूर्ण केली होती, त्याच्याजवळ नऊ शिफारशी होत्या. लीलाताई राखणदाराच्या आज्ञेप्रमाणे बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. दुसरं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं, तुम्ही जाहिरात आहात म्हणून?”

“मला कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, लोकांना बरं वाटावं म्हणून मी सांगत असतो. मग एसटीत एका म्हातारीनं विचारलं, माझे गुडघे दुखत नाहीत, तर माझ्याशी काय बोलशील? कागलच्या पुढच्या फाट्यापर्यंत मी विचार केला. मला काही सुचलं नाही.”

ज्याला वाचता येत नाही त्याच्याशी आपण काय बोलतो, असं लीलाताईंच्या मनात आलं. काल बिरूआण्णा आले होते. त्यांना आपण चहासुद्धा विचारला नव्हता. फक्त पायऱ्या विचारल्या.

“सकाळी मी ओढ्यावरच होतो,” सांधेसुख म्हणाला. “भिजलेली माणसं तिथं भेटतात. डोह मी पाहिलाय. रखमाबाईंना बाहेर काढतानाही पाहिलं. मला लिहायची परवानगी आहे. मी लिहू?”

“जाहिरातीनं लिहायचं नाही. हा पहिला नियम आहे.”

“हो. पण मी जाहिरात नाही असं माझ्या परवानगीपत्रावर लिहिलंय. त्याच्यावर गुरुजींची सही आहे.”

लीलाताईंनी रस्त्याकडे बघितलं. पाचला वाचनालय बंद व्हायचं. साडेचार वाजले होते.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “पण फक्त ओढ्याचं लिहा.”

त्यानं खाली बघितलं. “प्रयत्न करतो,” तो म्हणाला.

राखणदारानं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. जुनी नोंद खोडून त्यानं लिहिलं: ‘पुरामुळे चिंचेच्या वरच्या अंगाला गळ्याइतका डोह झाला आहे. तिथून उतरू नये. चिंचेच्या खालच्या अंगाने, पांढऱ्या दगडाच्या डावीकडून जावे. पाणी गुडघ्यापर्यंत आहे. माहिती देणार: बिरू हजारे.’ तिथं त्याचे हात थांबले. लीलाताई मागं उभ्या होत्या. त्याच्या कानामागून घाम उतरताना त्यांना दिसला. बराच वेळ तो तसाच बसला, आणि मग न राहवून त्याच्या बोटांनी पुढची ओळ लिहिली. ‘गुडघे भिजले? सांधेसुख.’

“माफ करा,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी वाडीच्या बाईंनी मोबाईल उघडला, नोंद मुलांना मोठ्यानं वाचून दाखवली, आणि सदतीस मुलं दप्तरं डोक्यावर घेऊन पांढऱ्या दगडाच्या डावीकडून ओढा उतरून आली. बिरूआण्णा पाण्यात उभे राहून एकेकाचा दंड धरत होते. कुणीही त्यांना नको म्हटलं नाही. लीलाताई अलीकडच्या काठावर उभ्या होत्या. त्यांनी मुलं दोनदा मोजली. शेवटचं मूल वर आल्यावर त्या तिथंच दगडावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

रविवारी कार्यकारिणी बसली. विषय एकच होता, सदर नोंदीचं काय करायचं.

“नोंद जाहिरातीची आहे,” गुरुजी म्हणाले. “अकरावा नियम स्पष्ट आहे. जाहिरातीची नोंद संपूर्ण पुसावी, अर्धी ठेवू नये.”

“मग डोहात पुन्हा कोण जायचं?” मागून आवाज आला. रखमा चौगुले उठून उभी होती. ती सभासद नव्हती, पण तिला बसवायचं कुणी धाडस केलं नाही. “मी त्या आण्णाला जाहिरात समजले आन बुडाले. खऱ्या जाहिरातीनं लिवलं तर पोरं तरली. आता मला सांगा गुरुजी, मी माणूस बघून विश्वास ठेवू का वड्याचं पानी बघून?”

गुरुजींनी नियमांचा कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. ते म्हणाले, “हे मला नीट समजलेलं नाही.”

“मलाही नाही,” लीलाताई म्हणाल्या. “पण राखणदार काढून टाकू या. तो विचारतो, कोण आलंय. कोण आलंय हे मलाच माझं सांगता येत नाही. आपण लिहिलेलं बघू. कुणीही बसावं, कुणीही लिहावं. फक्त लिहायच्या आधी दुसऱ्या कुणाची एक निरुपयोगी ओळ शोधून पुसायची. आपली नाही, दुसऱ्याची.”

“आणि जाहिराती?”

“त्यांनाही हाच नियम.”

गुरुजींनी मत नोंदवलं नाही, पण विरोधही केला नाही. ठराव संमत झाला.

सोमवारी सव्वानऊला केसांचं मलम खुर्चीवर बसलं आणि त्यानं नियमाप्रमाणे ओढ्याच्या नोंदीतली सांधेसुखची ओळ पुसली. वरचा मजकूर त्यानं तसाच ठेवला, कारण ओढ्याशी त्याचं काही वैर नव्हतं. मग त्यानं स्वतःला लिहिलं. साडेनऊला पाणी गाळायच्या यंत्रानं त्याला पुसलं. पावणेदहाला यंत्राला दातांच्या पावडरीनं पुसलं. जाहिराती एकमेकींना फार मन लावून पुसत. माणसांच्या हातून एखादी ओळ नजरचुकीनं राहिली असती, त्यांच्या हातून राहायची नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत गावकोश ओट्यासारखा स्वच्छ व्हायचा. गावातली माणसंही परत येऊ लागली. शेणाच्या हातानं, चष्म्याशिवाय. आश्विनात एकसष्ट जण खुर्चीवर बसले. त्यांतले किती कोण, ते लीलाताईंनी लिहून ठेवलं नाही.

कार्तिकात एका मंगळवारी सांधेसुख नऊच्या एसटीनं आला. शर्टाची इस्त्री मोडली होती आणि वरची गुंडी उघडी होती.

“कारखाना बंद झाला,” तो म्हणाला. “तेल आता निघत नाही.”

“अरेरे,” लीलाताई म्हणाल्या. “मग आज कसे आलात?”

“एसटीत बसलो. दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं.”

लीलाताईंनी या वेळी चहा मागवला. तो पिऊन सांधेसुख खुर्चीवर बसला. नियमाप्रमाणे त्यानं दातांची पावडर पुसली. आणि मग दोन्ही हात कळफलकावर ठेवून तो बसून राहिला. दहा वाजले, साडेदहा वाजले. मागं चार माणसं उभी होती, पण कुणी त्याला उठ म्हटलं नाही. गुरुजींनीसुद्धा नाही.

अकराच्या सुमारास बिरूआण्णा आले. वाडीच्या माळावर वरच्या बाजूला एक झरा लागला होता आणि तो त्यांना लिहवून घ्यायचा होता. लीलाताई उठू लागल्या, तोवर आण्णा खुर्चीजवळ जाऊन उभेही राहिले होते.

“तुला लिवता येतंय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“येतं,” सांधेसुख म्हणाला.

“मग लिव. माळावर करंजाच्या झाडाखाली झरा हाय. वाईच गार पानी. मेंढरं पित्यात.”

त्यानं ते शब्द होते तसे लिहिले.

“आणि पुढं?” त्यानं विचारलं.

“पुढं काय न्हाई. येवढंच हाय.”

सांधेसुखनं आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. बोटं थोडी हलली आणि थांबली. त्यानं पूर्णविराम दिला, खुर्ची मागं सरकवली आणि उभा राहून पुढच्या माणसाला जागा करून दिली.